एका फटफटीचा जीर्णोद्धार

'फटफटी' हा शब्द हल्लीच्या मुलांच्या तोंडी क्वचितच येतो. परंतु ज्याने कोणी तो घडविला त्याचा कान चांगला असला पाहिजे. आमच्या काकांची हार्ले-डेव्हिडसन सुरू झाली म्हणजे गल्लीच्या टोकाला बसलेल्या माणसासही ती कोणाची गाडी हे सांगावे लागत नसे. तिला दोन सिलिंडर आहेत. ते इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे एकमेकांशी ४५ अंशांचा कोन करून उभे आहेत, आणि दोन्ही पिस्टनांचे दांडे खाली एकाच क्रँक-पिनेवर बसविलेले आहेत. परिणाम असा की, एका सिलिंडरात पेट्रोल पेटल्यावर क्रँक ३१५ अंश फिरली म्हणजे दुसऱ्यात ते पेटते, आणि पुन्हा पहिल्यात पेटावयास मात्र ४०५ अंश लागतात. एक ठोका लवकर, पुढचा उशिरा, अशी ती लंगडत्या घोड्याची चाल आहे. १९७४ सालापासून आमच्या घरात ती चाल ऐकू आली नव्हती. २०२४ च्या डिसेंबरात ती पुन्हा ऐकू आली. ज्यांच्या घरी अशी एखादी गाडी गोणपाटाखाली पडून आहे अशा काही वाचकांनी ही हकीकत सविस्तर मागितली, म्हणून हे लिहिणे.

काकांनी ही गाडी १९४८ साली, युद्धानंतर निकालात निघालेल्या लष्करी मालातून घेतली. त्या वेळी बेळगाव मुंबई प्रांतात होते आणि काका चोवीस वर्षांचे होते. गाडी मुळात सहलीसाठी केलेली नव्हेच. मिलवॉकी येथील या कंपनीने दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी सुमारे ९०,००० गाड्या बांधल्या, त्यांत बहुसंख्य 'डब्ल्यूएलए' या जातीच्या होत्या, आणि त्यांतील ३०,००० च्या वर रशियास गेल्या. इंजिन ४५ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ७४० सी.सी.चे, ताकद जेमतेम २३ अश्वशक्ती, वजन मात्र अडीचशे किलोच्या घरात. गिअर तीन, तेही टाकीजवळच्या दांडीने हाताने टाकावयाचे. क्लच डाव्या पायात. उजव्या मुठीने पेट्रोल, आणि डाव्या मुठीने ठिणगीची वेळ पुढे-मागे करावयाची. पुढल्या चाकाशेजारी एका बाजूस बंदुकीचे म्यान व दुसऱ्या बाजूस काडतुसांची पेटी असे. काकांनी म्यान काढून टाकले. पेटीत ते पाने, पकड, जादा प्लग आणि रॉकेलात बुडविलेल्या चिंध्यांचा एक डबा ठेवीत.

याच जातीच्या कितीतरी गाड्या दिल्लीस गेल्या. तेथे त्यांचा मागचा भाग कापून त्यास दोन चाके व बाके जोडण्यात आली, आणि सहा-सहा, आठ-आठ उतारू घेऊन त्या १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत रस्त्यावर धावत होत्या. आमच्या गाडीच्या नशिबी कुऱ्हाड आली नाही. १९५६ साली काकांचे लग्न झाले आणि गाडीला मागची सीट आली, एवढाच काय तो बदल. लष्करी गाडीला मागे बसावयास जागा नसते, सामानाची जाळी असते. काकांनी गावातल्या लोहाराकडून पट्टीची चौकट व पाय ठेवण्यासाठी दोन दांड्या करून घेतल्या. त्या त्याने गाडीच्या सांगाड्यास भोक न पाडता, डाख न लावता, नुसत्या कड्यांनी आवळून बसविल्या. चांभाराने काथ्या भरून वर चामडे शिवले. त्या सीटवर बसून काकूंनी आंबोली, सावंतवाडी, कोल्हापूर केले; १९६१ च्या डिसेंबरात गोवा मोकळा झाल्यावर पुढल्या उन्हाळ्यात दोघे पणजीपर्यंत जाऊन आले. काका गेले, गाडी परसातल्या पडवीत गेली, आणि तिच्यावर आमची सर्वांची अडगळ साचत गेली. कोंबड्यांनी एकदा साइड-बॅगेत अंडीही घातली होती.

२०२२ च्या मे महिन्यात आमचा पुतण्या आणि आम्ही मिळून ती बाहेर ओढली. हवा नसलेल्या चाकांवर अडीचशे किलो ओढणे म्हणजे काय, हे ज्याने केले असेल त्यासच कळेल. पुतण्याने लगेच किक मारावयास पाय उचलला. मेस्त्रींनी त्याचा पाय वरच्या वर धरला. "किक मारू नका हां. आत काय झालंय ते अजून ठाऊक नाही आपल्याला," असे ते म्हणाले. ज्यांना या लेखातून एवढी एकच गोष्ट घ्यावयाची असेल त्यांनी ही घ्यावी. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरास गंजाने चिकटून बसलेल्या असतात. किकेचा झटका बसला तर रिंगा तुटतात आणि सिलिंडरास ओरखडे पडतात. दोन्ही प्लग काढून आत पातळ तेल सोडावे, भोके चिंधीने बंद करावीत, आणि आठवडाभर तिकडे फिरकू नये. मग मागचे चाक उचलून, गिअर टाकून, ते हाताने हळूहळू हलवून पाहावे. आमचे इंजिन सोळाव्या दिवशी बोटभर हलले.

दुसरी गोष्ट कागदांची. या जातीच्या गाडीचा क्रमांक इंजिनच्या डाव्या बाजूस, खालच्या कवचावर ठोकलेला असतो. सांगाड्यावर त्या काळी क्रमांक नसे. १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत बांधलेल्या सगळ्या डब्ल्यूएलए गाड्यांचा क्रमांक ४२ या आकड्यानेच सुरू होतो, मग ती १९४४ सालची का असेना. तेव्हा कोणी '१९४२ची अस्सल' म्हणून गाडी विकावयास आणली तर एवढ्यावरून भुलू नये. कवचाची दोन अर्धुके कारखान्यात जोडीने कातलेली असून दोहोंच्या पोटाखाली तोच जोडक्रमांक असतो. गाडी कुशीवर निजवून, आरसा धरून आम्ही तो वाचला. जोडी मूळची निघाली. त्या दिवशी मेस्त्रींनी प्रथमच आमच्या घरचा चहा घेतला.

झिजलेल्या भागांपेक्षा पूर्वीच्या दुरुस्त्यांनीच आम्हांस अधिक छळले. अमेरिकन गाडीचे नट-बोल्ट इंचाच्या एका मापाचे. त्या काळच्या इंग्रजी गाड्यांचे दुसऱ्या मापाचे. आणि हल्ली आपल्या दुकानांत मिळणारे सगळे मिलिमीटरचे. तिन्ही दिसावयास जवळजवळ सारखे असतात, आणि हीच आपत्ती आहे. पाना थोडा सैल बसतो, नटाचे कोपरे जातात. बोल्ट जोर करून बसविला की अॅल्युमिनियममधले आटे जातात. मग कोणीतरी त्या भोकात मोठे आटे पाडतो, आणि पुढच्या माणसासाठी नवे कोडे तयार होते. आम्हीही या पापातून सुटलो नाही. प्रारंभी घाईने आम्ही एका मोठ्या शहरातील एका नावाजलेल्या कारखान्याकडे सिलिंडर-हेड पाठविले होते. ते आरशासारखे चकचकीत होऊन परत आले. परंतु प्लगच्या एका भोकात आटे तिरपे पाडलेले होते आणि बिलात त्याचा उल्लेख 'नूतनीकरण' असा होता. मेस्त्रींनी ते भोक मोठे करून त्यात पितळी बुश बसविला व त्यात मूळ मापाचे आटे पाडले. त्यांचे बिल त्या बिलाच्या दहाव्या हिश्शाचे झाले. तेव्हापासून कोणताही तुकडा गावाबाहेर पाठवावयाचा नाही असा नियम आम्ही केला, आणि तो एकदाच मोडला.

मोडला तो क्रँकसाठी. या इंजिनाची क्रँक एकसंध ओतीव नसते. दोन जड लोखंडी चकत्या, त्यांच्या मध्ये क्रँक-पिन, आणि पिनेवर दोन दांडे. त्यांपैकी एका दांड्याचे टोक काट्यासारखे दुभंगलेले असते व दुसऱ्याचे त्याच्या मधोमध शिरते. म्हणून दोन्ही सिलिंडर एकाच रेषेत येतात. पिनेभोवती बारीक रोलर असतात. आमची पिन गंजून खवल्यासारखी झाली होती. या गाड्यांचे सुटे भाग युरोपात आजही नव्याने तयार होतात, तेथून पिन व रोलर मागविले. मात्र भाग मिळाला म्हणजे काम झाले असे नव्हे. पिन आवळल्यावर दोन्ही चकत्या एकाच अक्षावर फिरतात की नाही, हे सुई असलेल्या मापकावर पाहावे लागते. इंचाच्या हजाराव्या हिश्शाइतका फरक चालतो, त्याहून अधिक नाही. चूक आढळली तर कानसीने घासावयाचे नाही, कातावयाचे नाही; चकतीच्या कडेस मऊ धातूच्या हातोडीने एक ठोका द्यावयाचा आणि पुन्हा फिरवून पाहावयाचे. ज्या वयोवृद्ध कारागिराकडे आम्ही हे काम घेऊन गेलो त्यांनी एका दुपारी तीन तास असे ठोके दिले. मध्ये दोनदा ते उठून हात धुऊन आले. तेवढ्याने काय साधले ते आम्हांस कळले नाही, परंतु विचारण्याचे धैर्य झाले नाही. शेवटी सुई थरथरली नाही.

मागचा सिलिंडर पुढच्यापेक्षा अधिक झिजलेला होता. पुढच्याच्या आडोशामुळे त्यास वारा कमी मिळतो आणि तो अधिक तापतो. दोन्ही सिलिंडर बोअर करून त्या मापाचे पिस्टन घातले. या इंजिनचे व्हाल्व्ह सिलिंडरच्या बगलेत असल्यामुळे वरचे हेड काढणे अगदी सोपे आहे. काजळी खरवडण्यासाठी काका ते दर वर्षी पावसाळ्यापूर्वी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून काढीत असत. आजच्या गाड्यांत असे काही पायरीवर बसून करता येत नाही.

कार्बोरेटरने आम्हांस असा धडा दिला जो काकांना कधी मिळाला नसता. त्यात पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा बुचाच्या लाकडाचा असून त्यावर लाखेचा मुलामा असे. आमच्याकडे तो शाबूत निघाला, म्हणून कौतुकाने आम्ही तोच परत बसविला. पंधरा दिवसांत गाडी पेट्रोलने ओथंबू लागली. उघडून पाहतो तर लाख गेलेली, बूच भिजून जड झालेले आणि तळाशी तांबूस चिकटा. आता आपल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. आपला सुतार लाखदाणा स्पिरिटात विरघळवूनच तर पॉलिश करतो! हे ठाऊक असूनही आमच्या ध्यानात आले नाही. आता पितळी पोकळ तरंगा बसविला आहे. शिवाय असे पेट्रोल हवेतले पाणी ओढून घेते व टाकी आतून गंजते; म्हणून गाडी महिनाभर उभी राहावयाची असेल तर कार्बोरेटर कोरडा करावा आणि जुन्या रबरी नळ्या बदलाव्यात.

टाकीविषयी आणखी एक, आणि हे आमच्याच फजितीचे आहे. वरून पाहिले तर गाडीला जुळ्या टाक्या दिसतात. डावीत पेट्रोल असते, उजवीत इंजिनचे ऑईल. काकांनी उजव्या झाकणावर पांढऱ्या रंगाने 'तेल' असे लिहिले होते. ते आम्ही स्वच्छता करताना रॉकेलाने पुसून काढले आणि दुसऱ्याच दिवशी त्यात दोन लिटर पेट्रोल ओतले. इंजिन चालू केले नव्हते म्हणून वाचलो. सारे काढून, धुऊन, पुन्हा भरावे लागले. काकूंनी पुतण्याकडून ब्रश मागविला आणि 'तेल' हा शब्द स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिला. तो काकांच्या अक्षरासारखा नाही, परंतु वाचता येतो. तेलाची दुसरी खोड अशी की, गाडी फार दिवस उभी राहिली तर ते टाकीतून हळूहळू झिरपून इंजिनच्या तळाशी साचते. म्हणून चालू करण्यापूर्वी तळाचे बूच काढून ते वाहू द्यावे. न दिले तर सायलेंसरमधून निघणाऱ्या धुराने शेजारी जमतात.

ब्रेकचे ड्रम उघडताना मेस्त्री नेहमीच्या सवयीने धूळ फुंकावयास वाकले. आम्ही त्यांना थांबविले. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असे, आणि ती धूळ फुप्फुसास घातक आहे. ओल्या चिंधीने पुसून चिंधी बांधून टाकावी. मेस्त्री हसले, चाळीस वर्षे ते फुंकीत आले होते. पण त्या दिवसापासून त्यांनी दुकानात पाण्याची बादली ठेवली आहे.

येथवर सारे मतैक्याने चालले होते. खरा तंटा रंगावरून उभा राहिला. टाकीचा रंग खरवडताना वरती काकांचा तांबडा लागला, त्याखाली काळा आणि सर्वांत खाली सैन्याचा मळकट हिरवा. पुतण्याचे डोळे चमकले. गाडी अस्सल लष्करी रूपात करावी, बंदुकीचे म्यान, आच्छादलेले दिवे, सामानाची जाळी, सारे आणावे, असे त्याचे म्हणणे पडले. त्याच्या बाजूने कारणेही होती. लष्करी रूपातल्या गाडीस मान अधिक व किंमतही अधिक. शिवाय २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी जे नियम केले, त्यांत ५० वर्षांहून जुने वाहन मूळ स्वरूपात जतन केलेले असावे, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा, अशी अट आहे. मूळ स्वरूप म्हणजे हिरवेच नव्हे काय? आम्हांसही ते पटू लागले होते, हे कबूल करतो. गाडी पूर्वीसारखी करावयाची एवढेच आम्ही ठरविले होते. ती केव्हासारखी, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

तो काकूंनी विचारला. त्या वेळी त्यांना सत्त्याऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. पुतण्याने त्यांना पुस्तकातील लष्करी गाडीचे चित्र दाखविले. ते त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "चांगली आहे. पण मी कुठं बसायची?"

कोणीच काही बोलले नाही. गाडी सैन्यात फार तर पाच-सहा वर्षे असेल. आमच्या घरात ती रस्त्यावर होती सव्वीस वर्षे, आणि त्यांतील अठरा वर्षे तिच्यावर दोघे बसत होते. सैनिक कोण होता, कोठे होता, आम्हांस ठाऊक नाही. मागे कोण बसे ते ठाऊक होते. संध्याकाळी पुतण्या आपण होऊन पडवीत गेला आणि लोहाराने केलेली ती पट्टीची चौकट गंजलेल्या पत्र्यांच्या ढिगातून शोधून घेऊन आला. कड्यांनी आवळलेली असल्यामुळे सांगाड्यास कोठेही इजा नव्हती, तेव्हा नियमाचीही अडचण उरली नाही. जुना नोंदणी क्रमांकही कायम राहिला. गाडी तांबडी झाली. डाव्या मडगार्डावरचा पोचा तसाच ठेवला आहे. उजव्या बाजूस टाकीच्या खाली, जेथे सहसा दृष्टी जात नाही, तेथे हातभर जागेवर हिरवा रंग उघडा ठेवून वर पारदर्शक लेप दिला आहे. ती पुतण्याची वाटणी.

पहिल्यांदा इंजिन चालू झाले तो दिवस रविवार होता. डावी मूठ फिरवून ठिणगी मागे घ्यावी लागते; तसे न केले तर किक उलटी येऊन घोटा मोडण्याचे भय असते. मेस्त्रींनी दोन किका कोरड्या मारल्या, मग स्विच दिला. सातव्या किकेस पुढचा सिलिंडर बोलला, मागचा मुका. पॉइंटमधले अंतर तपासले. ते इंचाच्या २२ हजारांश हवे, आमचे तीसच्या पुढे गेले होते. नीट केले. मग दोन्ही बोलले, आणि ती लंगडी चाल परसात घुमू लागली. स्वयंपाकघराच्या खिडकीतली भांडी थरथरली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या काही म्हणाल्या असतील, परंतु आवाजात ऐकू आले नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी, गाडी मागच्या स्टँडवर पक्की उभी करून, इंजिन बंद ठेवून, दोघांनी हात देऊन आम्ही त्यांना मागच्या सीटवर बसविले. चामडे नवे आहे, काथ्याही नवा. त्यांनी पुढच्या सीटच्या कडीला हात लावून पाहिला, पदर सावरला आणि खाली पायांकडे पाहिले.

"दांडी उंच बसवलीत," त्या म्हणाल्या. "ह्यांनी दोन बोटं खाली बसवली होती. माझे गुडघे दुखायचे म्हणून."

आम्ही १९६२ च्या उन्हाळ्यातील पणजीचा फोटो काढून आणला आणि भिंगातून पाहिला. दांडी खालीच होती. मेस्त्रींना निरोप धाडला. त्यांनी कडी सैल करून ती दोन बोटे खाली सरकविली. तेथे सांगाड्याच्या नळीवर जुन्या कडीचा वळ अजून स्पष्ट उमटलेला होता.